मिस डॉटचं अर्धं ताट

२०१५ साल होतं आणि मी एकोणसत्तर वर्षांचा होतो. शाळा माझी चौथीपर्यंत. पुढं शिकलो नाही म्हणून काही अडलं नाही. अडलं असेल तर ते मी कोणाला कळू दिलं नाही. मुंबईत रेकॉर्डी बनवायच्या कारखान्यात एकोणीस वर्षं प्रेसवर उभा होतो. तापलेला काळा गोळा साच्यात ठेवायचा, दाब द्यायचा, कड कापायची, की पुढची. हातांना फोड यायचे, पण तबकडी हातात घेतली की बरी की वाईट, हे मला न वाजवता कळायचं. फुशारकी म्हणून सांगत नाही. मिस डॉटची आणि माझी ओळख त्यावरून झाली म्हणून सांगतो. मिस डॉट आता नाहीत, तेव्हा जे आठवतं ते आत्ताच सांगून टाकलेलं बरं.

पुढं मुलाकडं कॅनडात आलो. तिथं हॅमिल्टनला आमच्या चर्चच्या बेसमेंटमध्ये जुन्या सामानाची विक्री होती. माझी बायको फ्लोरी कपबशा बघत होती. मी एका खोक्यातून एक छोटी रेकॉर्ड उचलली, तिरकी धरली आणि मोडक्या इंग्रजीत आपल्याशीच म्हणालो, ही आजारी आहे. मागून कोणीतरी विचारलं, कशानं आजारी? वळून बघतो तर एक उंच, काळी अमेरिकन बाई, सत्तरीच्या पुढची, डोक्यावर पुरुषाची फेल्टची टोपी. मी तिला दाखवलं, मधलं भोक केसभर बाजूला पडलंय, गाणं होडीसारखं डोलेल. खोकं तिचंच होतं. तिनं रेकॉर्ड माझ्या हातातून घेतली.

"हे मला सांगणारे तुम्ही दुसरे," ती म्हणाली. "पहिला माझा नवरा. त्यानं तीनशेच्या तीनशे कारखान्याला परत पाठवल्या. ही एक ठेवली, भांडायला पुरावा म्हणून."

त्या मिस डॉट. पूर्ण नाव डोरथी, पण त्या नावानं हाक मारलेली त्यांना खपायची नाही. मला त्या पहिल्या दिवसापासून मिस्टर पास्कल म्हणाल्या. घरी मला सगळे पास्कू म्हणतात. कॅनडात येऊन माझ्या नावाला मिस्टर लावणारं ते पहिलं माणूस, म्हणून मंगळवारी या म्हणाल्या तर मी मंगळवारी गेलो. मग शुक्रवारीही. पुढं दोन वर्षं हेच चाललं.

त्यांचं घर पोलादाच्या कारखान्यांच्या बाजूला होतं. खिडकीतून धुराडी दिसायची. लोक तिकडं घर घ्यायला नाक मुरडतात. त्यांनी मुद्दाम घेतलं होतं. सरहद्दीपलीकडं अमेरिकेतल्या बफेलोला त्यांचा नवरा क्लॅरेन्स असल्याच धुराड्याखाली दुसऱ्या पाळीत होता. पाळीतले सात-आठ जण चर्चमध्ये गायचे. क्लॅरेन्सला वाटलं, यांचं गाणं रेकॉर्डवर यावं. मोठ्या कंपन्यांनी दारात उभं केलं नाही, तर यानं स्वतःच कंपनी काढली. कंपनी म्हणजे काय, घराचं गॅरेज. रविवारी गाडी रस्त्यावर काढायची, भिंतींना गाद्या लावायच्या, मध्ये एक माईक. कामगार जेवण न्यायचे त्या पत्र्याच्या डब्यावरून कंपनीचं नाव, आणि रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदावर त्याच डब्याचं चित्र. मी तिला डब्याची कंपनी म्हणायचो. मिस डॉटना ते आवडायचं.

घरामागून मालगाडी जायची. क्लॅरेन्सनं तिच्या वेळा पाठ केल्या होत्या. दोन गाड्यांच्या मध्ये गाणं बसवायचं. एकदा गाडी लवकर आली आणि इंजिनाची शिटी गाण्यात शिरली. क्लॅरेन्स पुन्हा गा म्हणाला, गाणारे म्हणाले, आमची पाळी सुरू होतेय. ती रेकॉर्ड तशीच निघाली आणि सगळ्यांत जास्त तीच खपली. लोक दुकानात येऊन म्हणायचे, ती शिटीवाली द्या. क्लॅरेन्स पुढं जन्मभर त्या रेकॉर्डवर रागावून होता.

बारा वर्षांत एकतीस रेकॉर्डी. मग कारखाना बंद पडला, गाणारे पांगले. क्लॅरेन्स गेल्यावर मिस डॉट हॅमिल्टनला बहिणीच्या जवळ राहायला आल्या. सोबत एकच ऐवज, मूळ गाण्यांच्या फितींची रिळं.

आता त्यांची मोठी गोष्ट सांगतो, ती म्हणजे अर्धं ताट. मिस डॉटचं म्हणणं, उपाशी माणूस वरच्या सुरात चिडतो आणि भरल्या पोटाचा खालच्या सुरात झोपतो. म्हणून गाणाऱ्यांना त्या आधी अर्धं ताट वाढायच्या आणि गाणं झालं की उरलेलं अर्धं. गाणं बिघडलं तरी उरलेलं मिळायचंच, पण आधी मिळायचं नाही. क्लॅरेन्स त्या दिवशी जे शिजलं असेल ते रिळाच्या डब्यावर लिहायचा, आणि रेकॉर्डवर गाणं संपतं तिथल्या कोऱ्या कड्यात खिळ्यानं तेच कोरून घ्यायचा. तारीख नाही, नंबर नाही. चवळी. तळलेला मासा. भेंडी. रताळ्याचा गोड पाव. मिस डॉटना विचारा, अमुक गाणं कधीचं? त्या म्हणायच्या, मासा दुसऱ्यांदा केला तेव्हाचं.

याच्यापायी सरहद्दीच्या पुलावर फजिती झाली. हॅमिल्टनला येताना कॅनडाच्या अधिकाऱ्यानं विचारलं, खोक्यांत काय? गाणी, म्हणाल्या. त्यानं वरची नावं वाचली. मासा, डुकराचं मांस, हिरवा पाला. त्याला वाटलं म्हातारी खाणं लपवून नेतेय. एकतीस डबे उघडायला लावले. मिस डॉट बाजूला उभ्या राहून प्रत्येक डब्याला सांगत होत्या, हे चांगलं झालं होतं, याला मीठ कमी पडलं होतं. शेवटी तो अधिकारी म्हणाला, बाई, जा, मला भूक लागली.

मलाही त्या तसंच वाढायच्या. गेलो की अर्धं ताट. मग काम. काम म्हणजे रिळांतली गाणी वाजवून त्यांची नवी प्रत काढायची. त्या उभ्याच असायच्या, एक हात फिती वाजवायच्या यंत्राच्या लाकडी पेटीवर. बसून ऐकलेलं पोटात जात नाही म्हणायच्या. मीही उभा. मग उरलेलं अर्धं ताट.

पण जुन्या फिती चिकट होतात. अशी फीत नुसती लावली तर गाणं खरवडून निघतं, काळी पूड खाली पडते आणि ते गाणं जगातून गेलं. तिला आधी मंद ऊब द्यावी लागते, सात-आठ तास, मग तितकेच तास थंड करायची. मग ती थोडे दिवस वाजते. मिस डॉटच्या जुन्या ओव्हननं एक रीळ करपवलं होतं. मी म्हणालो, माझ्याकडं यंत्र आहे.

यंत्र बोंबलाचं. दुकानातले सुके बोंबील पुठ्ठ्यासारखे लागतात, म्हणून मी फळं सुकवायचं यंत्र आणून बेसमेंटमध्ये स्वतः बोंबील सुकवायचो. त्यावरून सुनेशी माझी बोलचाल बंद व्हायची. ते यंत्र मी तीनदा घासलं, मधल्या जाळ्या कापल्या आणि रीळ ठेवलं. अगदी बेताची ऊब धरली. पहिलं रीळ घेऊन गेलो तेव्हा मिस डॉटनी ते नाकाला लावलं आणि विचारलं, हे काय शिजवलंत? दुसऱ्या दिवशी मी त्यांना बोंबील नेऊन दिले. तव्यावर परतून उभ्या उभ्या सगळे संपवले, आणि त्या रिळाच्या डब्यावर स्वतःच्या हातानं इंग्रजीत बोंबील लिहिलं.

एक नियम मात्र त्यांनी पहिल्या दिवशीच घालून दिला. सगळ्याच फिती तापवायच्या नसतात. त्याहून जुन्या एका जातीच्या फितीला ऊब लागली की ती आकसते, कड वाकडी होते, तुटते. ओळखायचं कसं? रीळ उजेडाला धरायचं. आरपार उजेड आला तर हात लावायचा नाही. काळंठिक्कर दिसलं तर तापवायचं.

"डब्यावर काय लिहिलंय ते वाचू नका," त्या म्हणायच्या. "क्लॅरेन्स कुठल्याही डब्यात काहीही ठेवायचा. उजेडाला धरा."

मला हा नियम पसंत होता. वळणदार इंग्रजी मला वाचता येत नाही. उजेड सगळ्यांना वाचता येतो असं मला वाटत होतं. आणि तसंही रीळ धरून बघायच्या त्याच. मी फक्त न्यायचो, आणायचो.

खरं ते आता सांगतो. तेव्हा माझ्या डाव्या डोळ्यात धुकं उतरत होतं. पुढं उजव्यातही. समोरून गाडी आली की तिच्या दिव्याभोवती मोठं कडं दिसायचं, बर्फ पडला की रस्त्याची पांढरी रेघ हरवायची. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मुलानं, आल्विननं, गाडीची चावी काढून घेतली असती. तो पहाटे लांब वॉन गावाला वेअरहाउसमध्ये कामाला जातो तो संध्याकाळी येतो. चावी गेली की मी बेसमेंटमध्ये, आणि मंगळवार-शुक्रवार बंद. एका हिवाळ्यात मिस डॉटच्या दारात मागं घेताना गाडी त्यांच्या मेलबॉक्सच्या खांबावर चढली. मी म्हणालो, बर्फावरून घसरली.  मीच तो खांब पुन्हा उभा केला. जरा तिरका बसला, तो तसाच राहिला.

२०१७ च्या उन्हाळ्यात त्यांची मुलगी रूथ व्हँकुव्हरहून आली. आईनं आता एकटं राहू नये, घर सोडून तिच्याकडं जायचं, रिळं एका विद्यापीठाला द्यायची, असं ठरलं. शुक्रवारी विमान. सोमवारी मिस डॉटनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. सगळीकडं खोकी, टेप, वर्तमानपत्रं. त्यांनी एक डबा पुढं केला. त्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं.

हे बत्तिसावं रीळ. एकदा आठवडाभर त्या क्लॅरेन्सशी भांडून आईकडं गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा तो म्हणाला, तू नव्हतीस तेव्हा मी गायलो, कधीतरी ऐक. क्लॅरेन्स कधी गायचा नाही. दुसऱ्यांना गायला लावायचा आणि यंत्राशी उभा राहायचा. त्यांनी ऐकलं नाही. आधी रागानं, मग राहून गेलं, मग तो गेल्यावर धीर झाला नाही. विद्यापीठात रीळ गेलं की कुठल्या कपाटात बसेल कोण जाणे.

"मला जायच्या आधी एकदा ऐकायचंय," त्या म्हणाल्या. "दुसरी प्रत नाही, मिस्टर पास्कल."

रूथ तेवढ्यात कुठल्यातरी खोक्यासाठी हाका मारायला लागली. मिस डॉट जाता जाता म्हणाल्या, या वेळी उजेडाला तुम्हीच धरा. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

बुधवारी सकाळी मी बेसमेंटच्या खिडकीशी रीळ धरलं. मला करडं दिसलं. हल्ली मला सगळंच करडं दिसायचं. मी मनाशी म्हणालो, आजवर जेवढी रिळं नेली तेवढी तापवायचीच निघाली, हे एकच वेगळं कसं असेल? यंत्रात ठेवलं. झाकण लावलं.

पहिला तास मी खुर्चीत बसलो. दुसऱ्या तासाला बसवेना. वर जाऊन चहा केला आणि प्यालो नाही. खाली आलो, झाकणावर हात ठेवला, काढला. दोन तास झाले तेव्हा माझ्या कपाळावर घाम होता आणि बेसमेंट तर थंड असतं. मी रीळ बाहेर काढलं आणि फ्लोरीला हाक मारली. म्हणालो, हे खिडकीत धर आणि काय दिसतं सांग.

फ्लोरीनं धरलं.

"बाहेरचं झाड दिसतं," ती म्हणाली. "पानं दिसतात. का हो? तुम्हाला नाही दिसत?"

बेचाळीस वर्षांच्या संसारात असल्या प्रश्नाला मी पहिल्यांदा खरं उत्तर दिलं. तिनं रीळ डब्यात ठेवलं. चप्पल घालून दारात उभी राहिली. गाडी मी चालवली, शेजारी बसून ती सिग्नल सांगत होती. लाल. अजून लाल. आता हिरवा, जरा हळू. मांडीवर डबा धरून होती, अंडी धरावीत तसा.

वाटेत मी चार बहाणे तयार केले. यंत्र बिघडलं. फीतच खराब होती. मिस डॉटनी दार उघडलं आणि एकही वापरता आला नाही. सांगितलं, रीळ जुन्या जातीचं आहे, मी तापवलं, दोन तास. उजेडाला धरलं होतं, पण मला दिसत नाही. डाव्यानं नाहीच, उजव्यानं धूसर. दोन वर्षं झाली.

मिस डॉटनी डोक्यावरची टोपी काढली. ती क्लॅरेन्सची होती हे मला ठाऊक होतं, पण दोन वर्षांत त्यांना टोपीशिवाय पाहिलं नव्हतं. केस पांढरे, बारीक कापलेले. एकदम म्हाताऱ्या दिसल्या. रूथ मागून म्हणाली की आता तरी हात लावू नका, विद्यापीठातले जाणकार बघतील. मिस डॉटनी तिच्याकडं न बघता डबा घेतला, उघडला, फितीच्या कडेवरून बोट फिरवलं. कड लाटेसारखी झाली होती, माझ्या बोटालाही लागली.

"मेलबॉक्स पाडलात तेव्हाच मला कळलं होतं," त्या म्हणाल्या. "तरी मी रीळ तुमच्या हातात दिलं. उद्या दुपारी या. थंड होऊ दे. आणि फ्लोरीला घेऊन या, गाडीत एकाला तरी दिसायला पाहिजे."

 रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या दिवशी त्यांनी अर्धं ताट वाढलं नाही.

गुरुवारी दुपारी गेलो. घरात आता फक्त यंत्र आणि चार खुर्च्या. ताटं खोक्यांत गेली होती; एक काचेचं पसरट भांडं तेवढं बाहेर होतं. त्यातून त्यांनी आम्हाला कागदी ताटल्यांत चवळी आणि भात वाढला, अर्धा. मी ताटली तशीच धरून होतो. खा, म्हणाल्या, उपाशी माणूस चिडतो. मी खाल्लं.

मग त्या पेटीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. आम्ही सगळे उभे राहिलो, रूथसुद्धा. फीत फिरायला लागली. आधी नुसता खरखराट. मग फीत तुटली. मिस डॉटनी चिकटपट्टीनं टोकं जोडली.  पुन्हा लावली. आणि आवाज आला.

जाड, खालचा आवाज. चर्चमधलं एखादं जुनं गाणं असावं, शब्द अर्धे, बाकी गुणगुण. पण आवाज स्थिर नव्हता. जवळ यायचा, मोठा व्हायचा, मग भिंतीपलीकडं गेल्यासारखा विझायचा, पुन्हा यायचा. कारण मला ठाऊक होतं. वाकडी झालेली फीत यंत्राला धड टेकत नव्हती. प्रत्येक वेळी आवाज विझला की मला वाटत होतं, आता गेला, आता परत येणार नाही. फ्लोरीनं माझी बाही धरली.

मिस डॉट डोळे मिटून होत्या. म्हणाल्या, "ऐका. चालतोय तो. क्लॅरेन्सला एका जागी उभं राहता यायचं नाही. माईक इथं, आणि हा गॅरेजभर फिरतोय."

 पण मला लगेच आठवलं, त्या दिवशी मिस डॉट घरात नव्हत्याच. तो फिरत होता की उभा होता हे त्यांनी पाहिलं नव्हतं. हे त्यांनी मला वाचवायला म्हटलं की त्यांना खरंच तसं ऐकू आलं, हे मी तेव्हा विचारलं नाही. पुढंही नाही.

गाणं थांबलं. एक भांडं आपटल्याचा आवाज. आणि मग तोच आवाज, माईकच्या अगदी जवळून, एकदम स्वच्छ: "डॉटी, घरात खायला काही नाही. परत ये."

फीत संपली, टोक फटफट करत फिरत राहिलं. मिस डॉट हसायला लागल्या. हसता हसता पेटीवर कपाळ टेकलं. मग रूथकडं पेन मागितला आणि कोऱ्या डब्यावर काहीतरी लिहिलं. फ्लोरीनं मला वाचून दाखवलं. लिहिलं होतं, उपाशी.

शुक्रवारी आम्ही निरोप द्यायला गेलो. आल्विननं सुट्टी घेतली, गाडी त्यानं चालवली; मला हाताला काम नसलं की पायांना चैन पडत नाही, मी वाटेत सगळ्या सिग्नलांवर मनातल्या मनात ब्रेक दाबत होतो. टॅक्सी दारात उभी होती. रिळं आदल्या संध्याकाळीच गेली होती. बत्तिसावं रीळ मात्र मिस डॉटच्या पिशवीत होतं, त्याबद्दल रूथनं आता वाद घातला नाही. मिस डॉटच्या डोक्यावर टोपी परत आली होती. त्यांनी ते काचेचं पसरट भांडं माझ्या हातात दिलं, वर चांदीचा कागद.

"गुरुवारचं उरलेलं अर्धं," म्हणाल्या. "काल गडबडीत वाढायचं राहिलं. गाणं बिघडलं तरी मिळतंच."

गाडीत बसताना त्यांनी त्या तिरक्या मेलबॉक्सला दोन बोटांनी टपली मारली. टॅक्सी धुराड्यांच्या बाजूनं वळली. वळेपर्यंत मला दिसली असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे पहिल्या झाडापुढं मला काही दिसलं नाही. खिडकीतून टोपी बाहेर काढून हलवत होत्या, असं फ्लोरी म्हणाली.

घरी येऊन आम्ही ते जेवण जेवलो. भांडं मी स्वतः घासलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीची चावी आल्विनच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली आणि म्हणालो, डोळ्यांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घे. का, म्हणाला तो. विचारू नकोस म्हणालो. मग बेसमेंटमध्ये जाऊन डब्यातले चांगले लांब बोंबील निवडले. आमच्याकडं कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. फ्लोरी म्हणाली, काठोकाठ भरा, पोस्टानं जायचंय. मी अर्धंच भरलं. आणि बस पकडून दोघं पोस्टात गेलो.